अभावातील सण आणि आशेचे मोल

पंचांगातील तिथी घरची परिस्थिती पाहून येत नाही. पीक बुडाले असो, घरातला कर्ता पुरुष गेलेला असो, सण ठरल्या दिवशी दाराशी येऊन उभा राहतो आणि प्रत्येकाकडून काही ना काही मागतो : मुलांकडून हसू, गृहिणीकडून गोडधोड, कर्त्याकडून नवे वस्त्र. एरवी झाकून नेता येणारे दारिद्र्य त्या एका दिवशी झाकले जात नाही. यामुळे थोर लेखकांच्या हाती सणाची कथा बहुधा अभावाची कथा होते, आणि तिच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. अशा दिवशी आशा दाखवावयाची ती कशाच्या आधारावर? लेखकाने वरून शिंपडलेले सांत्वन आणि पात्राच्या जगण्यातून उगवलेली आशा यांतील भेद ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. त्या आशेचे मोल कथेत कोण चुकते करतो, हे पाहावे. निरनिराळ्या भाषांतील काही सुपरिचित कथा या कसोटीला लावून पाहिल्या असता त्यांच्याविषयीचे रूढ समज बरेचसे हलतात.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणजे चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’. ती १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली, आणि तिच्या पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळापूर्वीच संपल्या. ज्या काळात ती लिहिली गेली तो काळ इंग्लंडमधील श्रमिकांच्या हालअपेष्टांचा होता. खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांच्या स्थितीविषयीचा सरकारी अहवाल त्याच वर्षी डिकन्सच्या वाचनात आला होता. प्रारंभी त्याच्या मनात होते ते गरिबांच्या मुलांच्या बाजूने एक पत्रक काढण्याचे. पत्रकाचा विचार मागे पडला आणि कथा जन्माला आली. बारा वर्षांचा असताना, वडील कर्जापायी तुरुंगात असता, बुटांच्या काळ्या रोगणाच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाने ती लिहिली आहे, हेही विसरता येत नाही. १८३४ च्या दारिद्र्य-कायद्याने उभी केलेली श्रमगृहे आणि लोकसंख्येचा हिशेब मांडणारे अर्थशास्त्र यांची भाषा त्याने स्क्रूजच्या तोंडी घातली, आणि शेवटी त्याच स्क्रूजचे हृदयपरिवर्तन घडविले.

तथापि वरील कसोटी लावली की या परिवर्तनाचा लंगडेपणा जाणवतो. क्रॅचिट कुटुंबाची आशा स्क्रूजच्या मनावर अवलंबून आहे. त्या रात्री तीन भुते त्याच्याकडे आली नसती तर धाकट्या टिमचे मरण अटळ होते. आशेचे मोल येथे धनिक मोजतो, म्हणून ती धनिकाच्याच मालकीची राहते. कथेचा खरा प्राण या शेवटात शोधू नये. तो आहे मध्यभागी, आठवड्याला पंधरा शिलिंगांवर चालणाऱ्या त्या घरातील जेवणाच्या प्रसंगात. दोन काचेचे पेले आणि कान तुटलेला एक कप एवढेच त्या घरातील काचसामान. पुडिंग येते, एवढ्या मोठ्या कुटुंबाला ते लहान आहे हे उघड असते, पण तसे कोणी बोलत नाही, कोणाच्या मनातही येत नाही. स्क्रूजने अद्याप एक पेनीही दिलेली नसताना या माणसांनी आपला सण साजरा केलेला असतो. शेवटी येणाऱ्या भल्या मोठ्या टर्कीपेक्षा हे चिमुकले पुडिंग वाचकाला अधिक काळ पुरते.

डिकन्सच्या कथेनंतर दोनच वर्षांनी, १८४५ च्या अखेरीस, हान्स ख्रिश्चन अँडरसनने काड्यापेट्या विकणाऱ्या मुलीची कथा प्रसिद्ध केली. तिच्यात वर्षाची शेवटची रात्र आहे आणि परोपकारी कोणीच नाही. एकेक काडी ओढली जाते आणि तिच्या उजेडात शेगडी, मेजवानी, नाताळाचे झाड आणि मृत आजी दिसून विझून जातात. आजीच्या कवेत मुलगी देवाघरी जाते असे लेखक सांगतो. पण रस्त्यावर उरते ते गोठलेले शरीर आणि ‘तिला ऊब हवी होती’ एवढेच जाणणारी माणसे. अँडरसन मोल मोजणारा कोणी उभाच करीत नाही. त्याचा प्रामाणिकपणा मोठा आहे; पण आशेला त्याने पृथ्वीवर जागा ठेवलेली नाही.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ १९३३ मधील. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते आणि खेड्यांचे कंबरडे मोडले होते, ते हे दिवस. रमजानचे तीस दिवस संपल्यानंतरच्या प्रसन्न सकाळी कथा उघडते, आणि त्या सकाळच्या सौंदर्यातच प्रेमचंद गावाचा जमाखर्च मिसळून देतात. कोणाच्या सदऱ्याला गुंडी नाही, कोणाला बैलांना चारापाणी करावयाचे आहे. मुलांना आपले वडील चौधरी कायमअलीच्या घराकडे का धावत आहेत ते कळत नाही. सावकाराने तोंड फिरविले तर ईदेचा मोहरम होईल, हे केवळ मोठ्यांना ठाऊक. चार-पाच वर्षांचा हमीद पटकीने गेलेल्या बापाचा आणि त्याच्यामागून खंगून गेलेल्या आईचा मुलगा. बाप पैसे मिळवायला गेला आहे आणि आई अल्लाच्या घरून चांगल्या वस्तू आणायला गेली आहे, असे त्याला सांगितलेले आहे. घरात अवघे आठ पैसे उरलेले. त्यांपैकी तीन हमीदच्या खिशात, पाच आजी अमीनाच्या बटव्यात.

कथेची रचना बारकाईने पाहिली तर तिच्या मध्यावर एक अर्थपूर्ण सांधा आढळतो. ईदगाहात लक्षावधी माथी एकदम झुकतात आणि एकदम वर उठतात. तेथे धनाला आणि पदाला कोणी विचारीत नाही, जो मागून येईल तो मागच्या ओळीत उभा राहील. समतेचे हे दर्शन प्रेमचंद पूर्ण श्रद्धेने घडवितात. परंतु नमाज संपताच मुले मिठाईच्या आणि खेळण्यांच्या दुकानांवर तुटून पडतात, आणि क्षणापूर्वी पुसलेली रेघ पुन्हा उमटते. मोहसिनपाशी पंधरा पैसे, महमूदपाशी बारा, हमीदपाशी तीन. प्रार्थनेतील समता बाजाराच्या दारापर्यंतही टिकत नाही, ही टीका प्रेमचंद एका शब्दानेही बोलून दाखवीत नाहीत. दोन प्रसंग शेजारी ठेवणे त्यांना पुरेसे वाटते.

अशा बाजारात हमीद पाळण्यात बसत नाही, खेळणे घेत नाही, मिठाई घेत नाही. लोखंडी वस्तूंच्या दुकानासमोर त्याला आजीची भाजणारी बोटे आठवतात आणि तो घासाघीस करून तीन पैशांना चिमटा घेतो. शाळांतून या प्रसंगाला त्यागाचा आणि आज्ञाधारकपणाचा धडा बनविण्यात आले. या रूढ वाचनाने कथेचे मोठे नुकसान केले आहे. हमीद संतबालक नाही. त्याला खेळणी हवी असतात. मित्र मिठाई दाखवून चिडवितात तेव्हा तो मनातल्या मनात त्यांच्यावर रागावतो. आणि चिमटा घेतल्यावर परतीच्या वाटेवर तो असा काही वाद घालतो, की मातीचा शिपाई, भिस्ती आणि वकील निरुत्तर होतात. खांद्यावर ठेवला की बंदूक, हातात घेतला की फकिराचा चिमटा, वाजविला की झांज. आपल्या दैन्याला विजयाचा अर्थ देण्याची ही बुद्धीची झेप आहे. हमीदच्या आशेचा उगम दयाबुद्धीइतकाच या प्रतिभेतही आहे.

येथे अनुवादाचा एक प्रश्न उपस्थित होतो. हिंदी पाठात ‘चिमटा’ आहे. उर्दू पाठात त्याच वस्तूला ‘दस्तपनाह’ म्हटले आहे, म्हणजे हाताचा आसरा. उर्दू वाचकाला वस्तूच्या नावातच आजीचा हात आणि त्याचे रक्षण ऐकू येते. हिंदी वाचकाला ते कथेतून उमगते, पण त्याला ‘चिमटा’ या शब्दात फकिराची धुनी आणि भजनाचा ठेका लाभतो. मराठी अनुवादकाने ‘सांडशी’ लिहिली तर स्वयंपाकघर जिवंत होते आणि फकीर नाहीसा होतो. ‘चिमटा’ ठेवला तर फकीर राहतो, परंतु दस्तपनाहातील माया हरवते. अर्थात ‘चिमटा’ ठेवणेच श्रेयस्कर होय. हमीदची ती झेप या शब्दावर उभी आहे, आणि माया तर आजीच्या भाजलेल्या बोटांनी आधीच सांगितलेली असते.

कथेच्या अखेरीस नातू वृद्धाची भूमिका घेतो आणि आजी लहान मुलगी होऊन रडते. पदर पसरून ती दुवा देते, आणि तिच्या आसवांचे रहस्य हमीदला कळणार नाही असे लेखक सुचवितो. त्या आसवांत धन्यता आहे, त्याचबरोबर शोकही आहे. पाच वर्षांच्या मुलाने सणाच्या दिवशी बालपण विकून आजीसाठी लोखंड आणले, आणि ते विकत घेणारे दारिद्र्य जसेच्या तसे राहिले. आशेचे मोल येथे ज्याच्यापाशी सर्वांत कमी होते त्याने मोजले. म्हणून ती आशा खरी वाटते, आणि म्हणूनच ती समाजावरचा आरोपही ठरते.

याच १९३३ सालच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. एक लेखक उत्तरेतील खेड्याची ईद लिहीत होता, दुसरा कोकणातील घराची दिवाळी; परस्परांशी काही संबंध नसता दोघांच्या हाती एकच गाठ आली. श्यामची आई भावाकडून आलेली भाऊबीज स्वतःसाठी खर्च करीत नाही. पतीचे धोतर फाटलेले असते, त्या पैशांतून ती त्याला नवे आणविते. ओवाळणी स्त्रीची स्वतःची, तिच्या माहेरच्या मायेची. ती तिने सासरच्या लाजेवर पांघरली. साने गुरुजींचा सूर प्रेमचंदांहून अधिक आर्द्र आहे आणि काही ठिकाणी भावविवशतेकडे झुकतो. प्रेमचंद चिमट्याचा भाव पैशापैशाने सांगतात आणि अश्रूंना हिशेबाचा बांध घालतात. साने गुरुजी तो बांध सैल सोडतात. तरीही घरातील लहानमोठी मिळकत कोणाच्या वाट्याची आणि ती कोणावर खर्ची पडली, हे त्यांनी नेमके पाहिले आहे.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. गरिबाच्या त्यागात आशा पाहणारे वाङ्मय धनिकाला मोकळे सोडते, असे म्हणता येईल. आक्षेप गंभीर आहे, आणि डिकन्सच्या बाजूने तो उभा राहतो; स्क्रूजला निदान हिशेब तरी द्यावा लागला. पण स्क्रूजचा पालट ज्याने वाचला तो निश्चिंत मनाने पुस्तक मिटतो. अमीनाची आसवे ज्याने पाहिली त्याला तसे मिटता येत नाही, कारण कथेने त्याच्याकडची बाकी फेडून टाकलेली नसते.

२०२० मध्ये महामारीमुळे ईदगाहांचे पटांगण ओस पडले, ईदेची नमाज घरोघरी झाली आणि त्या वर्षीची दिवाळीही अनेक घरांत रिकाम्या जागेसमोर लागलेल्या दिव्यांची होती. ईदगाहात न भरलेल्या ओळी घरातल्या सतरंजीवर भरल्या, म्हणून कर्त्याविना उरलेल्या घराचा प्रश्न सुटला नाही. हमीदचे घर पटकीने उजाडले होते, ही घरे नव्या साथीने. अशा वर्षी सणाच्या कथेकडून काय मागावे, हे या कथांनीच दाखविले आहे. सुबत्तेचे आश्वासन त्या देत नाहीत. त्या इतकेच सांगतात, की तीन पैसे उरलेल्या माणसालाही निवड करता येते. आणि त्याला तेवढीच निवड उरावी, याचा जाब मात्र इतरांनी द्यावयाचा असतो.