गुंठ्याचा कर्ण

एक गुंठ्याचा चौरस प्लॉट म्हणजे तेहतीस बाय तेहतीस फूट. आमच्या बीबी गावात असा प्लॉट आखताना गवंडी समोरासमोरच्या खुंट्यांना टेप लावतो. दोन्ही कर्ण सारखे, ४६ फूट ८ इंच भरले की कोपरे काटकोनात आले म्हणायचे आणि फक्की टाकायची. पण कर्णाची खरी लांबी ४६ फूट ८ इंच नाही. ती आहे तेहतीस गुणिले √२, म्हणजे टेपवरच्या आकड्याहून सुमारे ०.७ मिलिमीटर जास्त. बांधकामाला एवढ्याने काही फरक पडत नाही. मात्र त्या टेपवर कितीही बारीक रेघा मारा, फुटाचे हजार करा, लाख करा, कर्णाचं टोक एकाही रेघेवर बसणार नाही. रिअल अ‍ॅनालिसिस हा विषय या न बसण्यापासून सुरू होतो.

भावकीतली एक मुलगी बी.एस्सी.ला आहे. दिवाळीच्या सुटीत आली आणि म्हणाली, "काका, रिअल अ‍ॅनालिसिसचं एकच पुस्तक घेता येईल. कोणतं घेऊ?" शाळा मराठीतून झालेली, आणि आता हातात इंग्रजी नोट्सचा गठ्ठा. त्यातल्या सिद्धता बरोबर होत्या, पण पाठ करण्यासाठीच उतरवलेल्या. मी तिला म्हटलं, पुस्तक नावावरून निवडू नको. प्रत्येकातलं √२ चं पान काढ आणि ते पेन्सिल घेऊन वाच.

पहिलं पान वॉल्टर रुडिन यांचं. त्यांचं 'प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल अ‍ॅनालिसिस' १९५३ साली आलं. आज हाताशी असते ती १९७६ ची तिसरी आवृत्ती. ज्याचा वर्ग २ येईल असा अपूर्णांक नाही, हे ते काही ओळींत दाखवतात. इथवर शाळेतलंच. पुढच्या परिच्छेदात ते विचारतात की ज्यांचा वर्ग २ हून कमी भरतो, त्या अपूर्णांकांत सगळ्यात मोठा कोणता? कोणताच नाही, कारण तुम्ही कोणताही सांगा, त्याच्याहून मोठा आणि तरीही त्याच गटातला एक ते काढून देतात. रीत अशी: हातातल्या संख्येची दुप्पट करून त्यात २ मिळवा, आणि मूळ संख्येत २ मिळवून जे येईल त्याने भागा.

करून पाहावं. १ घेतला तर ४/३ मिळतो. ४/३ वरून ७/५, त्यावरून २४/१७, त्यावरून ४१/२९. ७/५ चा वर्ग १.९६ आणि ४१/२९ चा १.९९८८. मुंगीच्या पावलांनी वर चढतात, पण २ ला एकदाही शिवत नाहीत. आता पलीकडून या. २ घेतले तर ३/२, मग १०/७, मग १७/१२. हे सगळे वरून खाली उतरतात आणि तेही उंबरठा ओलांडत नाहीत. (१७/१२ म्हणजे १ अधिक १/३ अधिक १/१२. यज्ञवेदी आखण्याच्या शुल्बसूत्रांत चौरसाचा कर्ण काढताना याच संख्येतून १/४०८ वजा करून ५७७/४०८ घेतलेला आहे.) एकच सूत्र दोन्ही बाजूंना चालतं आणि कोणालाही आपली बाजू सोडू देत नाही. या पानाचं सौंदर्य मला इथे दिसतं. एक अक्षर जास्तीचं नाही.

फक्त, हे सूत्र आलं कुठून ते रुडिन सांगत नाहीत. मुलगी तिथेच अडली. आम्ही कागदावर 'वर्ग वजा दोन' चा वक्र काढला. त्यावर हातातल्या संख्येचा बिंदू आणि २ चा बिंदू घेतला आणि पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली. रेघ आडव्या अक्षाला जिथे छेदते, तिथेच रुडिनची नवी संख्या. दोन बिंदूंच्या मधे वक्राचं पोट रेघेच्या खाली लोंबतं, म्हणून डावीकडून येणारी संख्या डावीकडेच राहते. रेघ मागे वाढवली की वक्र रेघेच्या वर जातो, म्हणून उजवीकडची उजवीकडेच. आकृती डोळ्यांसमोर आली की सूत्र आपसूक सुटतं. पण ती वाचणाऱ्याने स्वतः काढायची, अशी या पुस्तकाची अट आहे. शेजारी विचारायला कोणी असेल त्यालाच ती झेपते.

दुसरं पान बार्टल आणि शेर्बर्ट यांचं, 'इंट्रोडक्शन टू रिअल अ‍ॅनालिसिस', १९८२. अपूर्णांकांत √२ च्या जागी फट राहते; वास्तव संख्यांत ती नाही, हे इथे आधीच मान्य केलेलं आहे. ज्यांचा वर्ग २ हून कमी, त्या संख्यांना वरून रोखणारी सगळ्यात लहान संख्या घ्यायची आणि तिचा वर्ग २ च आहे हे दाखवायचं. वर्ग कमी असता, तर थोडं पुढे सरकता आलं असतं. थोडं म्हणजे किती? हा हिशेब पुस्तक तुमच्यासमोर मांडतं.

दोन्ही पुस्तकं ७/५ पाशी उभी करून पाहा. वर्ग १.९६, म्हणजे २ ला ०.०४ कमी. रुडिन या उणिवेला ३.४ ने भागतात आणि नेमकं १/८५ चं पाऊल टाकतात. बार्टल-शेर्बर्ट ३.८ ने भागतात आणि म्हणतात, १/९५ हून लहान कोणतंही पाऊल टाका, १/९६ चालेल. ३.८ का? पाऊल टाकल्यावर वर्ग दोन कारणांनी वाढतो: १.४ ची दुप्पट गुणिले पाऊल, आणि पावलाचा स्वतःचा वर्ग. हा वर्ग अडचणीचा. पण एकाहून लहान पावलाचा वर्ग पावलाहून मोठा नसतो, मग त्याच्या जागी सरळ पाऊलच धरायचं. २.८ अधिक १, झाले ३.८. अंदाज ढिला आहे, पण लबाड नाही. विषयाची खरी कारागिरी मला या ढिलेपणात दिसते. शाळेत बारा वर्षं 'बरोबर उत्तर किती' एवढंच विचारलेलं असतं. इथे पहिल्यांदा कोणी सांगतं की नेमकं नको, पुरेसं दे, आणि ते पुरेसं का आहे ते लिही.

याच पुस्तकातली आणखी एक बारीक गोष्ट. सीमेच्या व्याख्येत, क्रमिकेची पदं कितव्यापासून सीमेच्या एप्सिलॉनहून जवळ राहतात हे सांगणाऱ्या संख्येला ते नुसतं 'के' म्हणत नाहीत, 'के' पुढे कंसात एप्सिलॉन लिहितात. प्रत्येक वावराला एक विहीर असणं वेगळं आणि सगळ्या वावरांना मिळून एकच विहीर असणं वेगळं. विहीर कोणाच्या वावरातली, हे सातबाऱ्यावर लिहिलेलं असलं की भांडण होत नाही. त्या कंसामुळे 'के' कोणावर अवलंबून आहे ते डोळ्यांसमोर राहतं. पुढे एकसमान सातत्याशी गाठ पडते तेव्हा याची किंमत कळते. शिवाय तर्क आणि सिद्धता कशा लिहायच्या याचं परिशिष्ट शेवटी आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला त्याची गरज पहिल्या आठवड्यातच लागते.

बाकीची पानंही चाळली. गोल्डबर्ग यांचं १९६४ चं 'मेथड्स ऑफ रिअल अ‍ॅनालिसिस' महाराष्ट्रातल्या कितीतरी वर्गांनी वापरलं आहे. मलिक आणि अरोरा यांच्याकडे सोडवलेली उदाहरणं भरपूर. टेरेन्स टाओ यांचं पुस्तक दिल्लीच्या हिंदुस्तान बुक एजन्सीने २००६ मध्ये काढलं. ते पार मोजण्याच्या संख्यांपासून सुरू होतं आणि निवांत वाचायला फार सुंदर आहे. त्याच वर्षीचं आयआयटी मुंबईच्या सुधीर घोरपडे आणि बालमोहन लिमये यांचं पुस्तक आधी आलेखाचा भूमितीय गुण सांगतं, मग तो ओळखण्यासाठी कलनशास्त्राची कसोटी देतं. बार्टल-शेर्बर्ट मिळालं नसतं तर मी तिला हेच घ्यायला सांगितलं असतं.

या सगळ्या पुस्तकांच्या मुळाशी असलेली, अपूर्णांकांतली ती फट बुजवण्याची रीत रिचर्ड डेडेकिंड यांना १८५८ मध्ये सुचली. तेव्हा ते झुरिकला कलनशास्त्र शिकवत होते आणि आपण ज्यावर उभे आहोत ते भूमितीच्या चित्राखेरीज कशावरच टेकलेलं नाही, याची त्यांना टोचणी होती. छापून यायला १८७२ उजाडलं. मुलीला मी हे सांगितलं, कारण नोट्समधली व्याख्या आकाशातून पडल्यासारखी वाटते तेव्हा तिच्यामागेही एका शिक्षकाची अडचण असते.

तिने बार्टल-शेर्बर्ट घेतलं. रुडिनचं पान मात्र वहीत उतरवून नेलं. जाण्याआधी ओट्यावर बसून तिने ४१/२९ च्या पुढचा अपूर्णांक काढला. ४१ ची दुप्पट ८२, त्यात ५८ मिळवून १४०. खाली ४१ आणि ५८ मिळून ९९. १४०/९९. मग काय वाटलं कोण जाणे, तिने त्याला तेहतिसाने गुणलं. आले ४६ पूर्णांक दोन तृतीयांश फूट. थोडा वेळ ती त्या आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काका, हा तर टेपवरचा आकडा."

४६ फूट ८ इंच.