सुटलं की सोडलं?

दलित आत्मकथनांवर गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचा मोह मला सहसा होत नाही. पण यंदा माजिवड्याच्या आमच्या वस्तीतल्या विहारात मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला बसलो आणि एक प्रश्न डोक्यात शिरला तो निघेना. आपल्या साहित्यात शाळेचे दार बंद असलेला माणूस आहे. शिकून वर आलेला माणूसही आहे. जो आत गेला आणि मध्येच परत फिरला, तो कुठे आहे?

'बलुतं' १९७८ साली आले. 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, 'उपरा' १९८० साली, कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ साली. या पुस्तकांनी मराठी वाचकाची झोप उडवली, हे मी नव्याने सांगायला नको. भाषा ओबडधोबड आहे, कला नाही, नुसती कैफियत आहे, असे जे आक्षेप पांढरपेशा समीक्षकांनी घेतले त्यांना उत्तरे देऊन झाली आहेत. माझा आक्षेप घरातला आहे. ही पुस्तके लिहिणारे शिकलेले, पुढे कुठल्या ना कुठल्या कामात पाय रोवलेले लोक आहेत. सोनकांबळे यांची शिक्षणासाठीची वणवण वाचताना जीव कासावीस होतो, पण ते पुढे प्राध्यापक झाले हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते. आत्मकथनाला मागे वळून पाहण्यासाठी एक जागा लागते आणि ती जागा आपल्याकडे बहुधा पदवीच्या पलीकडे असते. दुसऱ्या टोकाला अण्णा भाऊ साठे आहेत, ज्यांना शाळा जवळजवळ मिळालीच नाही. या दोन टोकांच्या मधला एस.वाय.चा मुलगा लिहीत नाही. हा लेखकांचा दोष नव्हे. पण वस्तीतल्या वाचकावर त्याचा परिणाम होतो. शिष्यवृत्ती म्हणजे जिना आणि आपले लोक तो चढून गेले, एवढेच त्याला या पुस्तकांतून कळते. जो पडतो त्याला वाटते, पडलेला मी एकटाच.

असा एक मुलगा माझ्या समोर येऊन बसला. वडील कचऱ्याच्या गाडीवर कंत्राटी कामगार. गेल्या डिसेंबरात गाडीवरून पडले, पाय मोडला. कंत्राटी माणसाला पगारी रजा कुठली? मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. तो माजिवडा नाक्यावर पार्सल पोचवण्याच्या कामाला लागला. घोडबंदर रोड जिथे महामार्गाला मिळतो तिथे, उड्डाणपुलाखाली, अशी पंधरा-वीस पोरे मोबाइलकडे डोळे लावून उभी असतात. त्यातली किती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची आहेत, हे कोणी विचारलेले नाही.

पुन्हा दुसरीकडे प्रवेश घ्यावा म्हणून तो बारावीचा दाखला परत मागायला कॉलेजात गेला. तुझी शिष्यवृत्ती आलेली नाही, आधी फी भर, मग दाखला ने, असे उत्तर मिळाले. त्याचा अर्ज महिनोन्‌महिने कॉलेजच्या लॉगिनलाच अडकलेला होता. दुसऱ्या खिडकीवर सांगितले, आणि आली तरी तू कॉलेज सोडलेस, तेव्हा ती परत करावी लागेल. म्हणजे न आलेल्या पैशाचेही देणे आणि आलेल्या पैशाचेही देणे.

मी त्याला विचारले, "कॉलेज का सोडलंस?"

तो म्हणाला, "सोडलं नाही काका. सुटलं."

मराठी समीक्षेत शब्दांवर पुष्कळ काथ्याकूट होतो. या दोन क्रियापदांवर व्हायला हवा होता. सोडणाऱ्याचा हात असतो. जे सुटते ते हातातून निसटते. आमच्या बायाबापड्या गाव सुटलं, मिल सुटली, शाळा सुटली असेच बोलत आल्या आहेत आणि त्यात कर्ता कोण याचा त्यांना अचूक अंदाज असतो. सरकारी कागदाला मात्र 'सुटलं' माहीत नाही. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत वर्षानुवर्षे एक कलम छापून आले आहे. विद्यार्थ्याने वर्षाच्या मध्येच शिक्षण बंद केले तर राज्य सरकारच्या मर्जीनुसार त्याला रक्कम परत करावी लागू शकते, असा त्याचा आशय आहे. वाङ्मय म्हणून हे वाक्य वाचून पाहा. त्यात कर्ता एकच, विद्यार्थी. बापाचा पाय नाही, कंत्राटदार नाही, उशिरा येणारा पैसा नाही. मग मर्जी येते आणि तिला कसलीही मुदत नाही. 'परत करावे लागेल' असे ठाम लिहिले असते तर माणूस हिशेब तरी मांडतो. 'लागू शकते' याचा हिशेब मांडता येत नाही. त्याची भीती तेवढी वाटते.

रक्कम केवढी, तेही सांगून टाकतो. २०२१ सालच्या दरांप्रमाणे साध्या पदवीच्या आणि घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला शैक्षणिक भत्ता वर्षाला ३,००० रुपये. फीचा भाग वेगळा. माजिवड्याच्या मॉलमध्ये एका बुटाच्या जोडीला याहून जास्त पडतात.

याच्या शेजारी दुसरा कागद ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परताव्याची अधिसूचना काढली. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी नाव काढले तर सगळी फी परत, त्यानंतर ९० टक्के, मग ८०, मग ५०. ३० दिवस उलटून गेल्यावर काही नाही. विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रे संस्थेने अडकवून ठेवायची नाहीत, हेही त्यात आहे. या कागदाची भाषा दुकानदाराची आहे, पण ती का गेलास असे विचारत नाही. पैसे भरून शिकणारा निघाला तर तो गिऱ्हाईक. शिष्यवृत्तीवर शिकणारा निघाला तर तो ऋणको. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मध्येच बाहेर पडण्याला मानाचे नाव दिले आहे. एक वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, मिळवलेले क्रेडिट जमा, पुढे परत यायची सोय. पण त्यासाठी वर्ष पुरे व्हावे लागते. आमचे वर्ष डिसेंबरात मोडते.

परत यायची सोय म्हणताना मला १९१७ साल आठवते. बाबासाहेबांच्या पदव्या आमच्या पोरांना तोंडपाठ आहेत. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यासक्रम अर्धा टाकून त्यांना परतावे लागले, हे कोणी त्यांना ठासून सांगत नाही. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची होती. बडोद्यात त्यांना राहायला घर मिळाले नाही आणि पारशी वसतिगृहातून बाहेर काढले गेले, तो प्रसंग सर्वांना माहीत आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की करार मोडला तो शिकणाऱ्याच्या चुकीने नव्हे. तरी संस्थानने पुढे पैशाची मागणी केलीच. मला मोलाची वाटते ती वेगळी गोष्ट. लंडन सोडताना त्यांच्याजवळ चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी होती. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली परत गेले. बुद्धिमत्ता तर होतीच, पण हातात तो कागदही होता. सरकारने १९४४ साली ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा ही मागणी त्यांनी १९४२ च्या निवेदनात मांडली होती. ज्याला स्वतःला अर्ध्यावरून उठावे लागले त्याच्या मागणीतून आलेल्या योजनेत परत येणाऱ्यासाठी साधे एक पान असू नये, हे मला सहन होत नाही.

अगदीच काही नाही असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. आजारपणाने किंवा अन्य अकल्पित कारणाने वार्षिक परीक्षेला बसता आले नाही तर पुरावा देऊन, प्राचार्यांची खात्री पटवून, शिष्यवृत्ती पुढल्या वर्षी चालू ठेवता येते, असे कलम त्याच नियमांत होते. 'अन्य अकल्पित कारण' या तीन शब्दांत बापाचा मोडलेला पाय बसायला हरकत नसावी. पण वसुलीचे कलम खिडकीवर तोंडी सांगतात. हे कोणी सांगत नाही.

मी एवढे का चिडतो, तेही सांगतो. १९८२ च्या संपात वडिलांची मिल गेली आणि पुढच्या वर्षी माझेही कॉलेज सुटले. घरी एक पत्र आले, भत्ता परत करा म्हणून. शे-दोनशेची गोष्ट. त्या पत्राच्या धाकाने मी सात वर्षे त्या रस्त्याने गेलो नाही. शेवटी गेलो तर कारकुनाने रजिस्टर उघडले, सही घेतली आणि दाखला हातात दिला. पैशाचे नावही काढले नाही. तेव्हा नाशिकचे मुक्त विद्यापीठ नुकतेच निघाले होते, तिथून मी बी.ए. झालो. आणि मीही पहिला लेख लिहिला तो शिकून वर आल्याचा. मधली सात वर्षे त्यात एका ओळीत उरकली होती. आज तो लेख काढून वाचला. ती ओळ अशी की जणू मी सात वर्षे गावाला गेलो होतो.

मुलाने प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. आयोगाच्या अधिसूचनेची प्रत आणि इस्पितळाचा कागद जोडला. कारण लिहिताना थांबला आणि माझ्याकडे पाहिले. मी काही सुचवले नाही. त्याने 'शिक्षण सुटले' असे लिहिले. अर्ज कार्यालयात दिला आहे, पोच घेतली आहे. सोमवारी पुन्हा जायचे आहे.