कचऱ्याचे सोने आणि उचलणारे हात

मात्तेओ गार्रोने या दिग्दर्शकाचा ‘गोमोरा’ हा २००८ सालचा इटालियन चित्रपट गेल्या वर्षी मी तृतीय वर्षाच्या वर्गाला दाखवला. अभ्यासक्रमात तो नाही. पण शहर आणि गुन्हेगारी यांविषयी अभ्यासक्रमात जे आहे त्यात माझ्या विद्यार्थ्यांच्या घरातले कोणी सापडत नाही, म्हणून दाखवला. चित्रपट संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिची आई कंत्राटावर सफाईचे काम करते. ती म्हणाली, “सर, ह्यात कचऱ्याची गोष्ट आहे म्हणालात. मग कचरा उचलणारा माणूस कुठंय?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पुढे रोबेर्तो साविआनो याचे मूळ पुस्तक इंग्रजीतून पुन्हा वाचले. प्रश्न तसाच राहिला.

नेपल्सचा कचरा म्हणजे एक कचरा नव्हे, हे आधी समजून घेतले पाहिजे. एक कचरा घरांचा. कांपानिया प्रांतात इटलीच्या सरकारने १९९४ साली कचऱ्याची आणीबाणी जाहीर केली आणि ती कागदोपत्री २००९ च्या अखेरपर्यंत चालली. पंधरा वर्षे चालणाऱ्या गोष्टीला आणीबाणी म्हणायचे की राज्यकारभाराची रीत, हे वाचकांनीच ठरवावे. या काळात निवडून आलेल्या सभागृहांना बाजूला सारून खास आयुक्त नेमले गेले, कंत्राटे दिली गेली, जाळण्यायोग्य इंधन म्हणून कचऱ्याचे गठ्ठे बांधले गेले. पण ते जाळण्याजोगे निघाले नाहीत. जुल्यानो गावाच्या शेतजमिनीवर त्या गठ्ठ्यांचे लक्षावधी टनांचे डोंगर उभे राहिले. २००७ च्या डिसेंबरात उचल थांबली आणि रस्त्यांवर ढीग साचले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांना नेपल्स दिसले. मग सैन्य आले आणि २००९ मध्ये आचेर्राची भट्टी सुरू झाली.

दुसरा कचरा कारखान्यांचा, आणि तो रस्त्यावर कधी दिसलाच नाही. उत्तर इटलीतल्या कारखानदाराला रासायनिक गाळ, रंगांचे अवशेष, भट्ट्यांची राख यांची कायदेशीर विल्हेवाट महाग पडत होती. मध्यस्थ येऊन त्याहून कितीतरी कमी दर सांगे. माल निघाला की वाटेतल्या साठवण केंद्रांवर त्याचे कागद बदलत. विषारी माल साधा होई, कधी त्याचे खतही होई. ट्रक दक्षिणेत पोचेपर्यंत त्यात विष उरलेले नसे, कागदावर. कामोर्राच्या टोळ्यांनी, विशेषतः काझेर्ताकडच्या कासालेसी टोळीने, बांधकामासाठी वाळू आणि दगड उपसून आधीच खड्डे करून ठेवलेले होते. वाळूचे पैसे एकदा, खड्डा भरण्याचे दुसऱ्यांदा. कचरा म्हणजे सोने, हे टोळीतून फुटून साक्षीदार झालेल्या नुंत्सिओ पेर्रेल्ला याने १९९२ सालीच तपासयंत्रणेला सांगितले होते. कार्मिने स्कियावोने याने १९९७ मध्ये संसदीय समितीसमोर कुठे काय पुरले ते सांगितले. ती साक्ष लोकांसमोर आली २०१३ मध्ये. सोळा वर्षे राज्याला ठाऊक होते आणि त्या जमिनीत भाजी पिकवणाऱ्याला ठाऊक नव्हते. रोबेर्तो मान्चिनी या पोलीस अधिकाऱ्याने १९९६ मध्ये या धंद्याचा अहवाल दिला होता. तो पडून राहिला. मान्चिनी २०१४ मध्ये कर्करोगाने वारला.

हे सारे साविआनोने २००६ साली पुस्तकात मांडले आणि त्या वर्षीपासून तो पोलीस पहाऱ्यात जगतो आहे. लेखणीची एवढी किंमत मोजणाऱ्या लेखकाची समीक्षा करताना हात जरा आवरला जातो. पण आदर ठेवूनही काही बोलले पाहिजे.

पुस्तक ‘मी’ने बोलते. मी बंदरात होतो, मी प्रेताजवळ उभा होतो, मी त्या धुरात गेलो. पाझोलिनीने १९७४ मध्ये एका लेखात लिहिले होते की देशातल्या हत्याकांडांमागची नावे आपल्याला ठाऊक आहेत, पण पुरावे नाहीत. साविआनो त्याला उत्तर देतो की आपल्याकडे पुरावेही आहेत. ही गर्जना मला आवडते. तरी दलित आत्मकथनांवर वाढलेल्या वाचकाला हा ‘मी’ खटकल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडचा ‘मी’ एका माणसाचा असला तरी त्याच्या मागे वस्ती उभी असते. तो बोलतो तेव्हा आईची, आजीची, मुकादमाची शिवी खाल्लेल्या शेजाऱ्याची जीभ त्याच्या तोंडात असते. साविआनोचा ‘मी’ पाहतो, फिरतो, थरारतो आणि परत येतो. स्थानिक वर्तमानपत्रांतले काही मजकूर श्रेय न देता घेतल्याबद्दल तेथील न्यायालयांनी त्याला दोषी धरले, हेही नमूद केले पाहिजे. पृष्ठे थोडी आहेत, त्यावरून पुस्तक खोटे ठरत नाही. परंतु ज्या गावात रोज उठून त्याच टोळीविषयी बातमी देणारे अनाम वार्ताहर होते, त्यांचे शब्द एका मोठ्या ‘मी’च्या पोटात गेले, हे मला साधे वाटत नाही.

आता चित्रपट. कचऱ्याचा धागा त्यात फ्रांको आणि त्याचा तरुण मदतनीस रोबेर्तो या दोघांचा आहे. फ्रांको सभ्य आहे, इस्त्रीचे कपडे घालतो, कारखानदारांशी अदबीने बोलतो. गार्रोनेने गुन्हेगाराला पिस्तूल न देता कागदपत्रांची बॅग दिली, ही त्याची सर्वांत मोठी समज. खाणीत पिंप उतरवताना एक चालक भाजतो. बाकीचे चालक काम टाकून निघून जातात. फ्रांको गावातली पोरे गोळा करून आणतो. पाय पोचावेत, समोरचे दिसावे म्हणून त्यांना उशांवर बसवतात आणि ती पोरे हसत हसत विषाचे ट्रक खाणीत उतरवतात. पुढे एक म्हातारी शेतकरीण पीच फळांची पेटी देते. वाटेत फ्रांको ती फेकून द्यायला लावतो. रोबेर्तो गाडीतून उतरतो आणि काम सोडून पायी चालू लागतो.

हा शेवट मी वडिलांना दाखवला. ते एका नगरपालिकेत एकतीस वर्षे कचऱ्याच्या गाडीवर होते. घमेले, फावडे, हातांनी भरायचे आणि हातांनी ओतायचे. पीचच्या पेटीपाशी ते म्हणाले, “त्या म्हातारीला सांगितलं का कुणी?” नाही सांगितले. रोबेर्तोची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली, पण ती त्याला रस्त्यापर्यंतच घेऊन गेली. म्हातारीच्या दारापर्यंत नाही. प्रेक्षक त्याच्याबरोबर चालत बाहेर पडतो आणि हलका होतो. पोरे ट्रकवरच असतात. त्यांना नाव नाही, घर नाही, दुसऱ्या दिवशी ती कुठे जातात ते नाही. नोकरी सोडून निघून जाणे हे ज्याला परवडते त्याच्याकडेच कॅमेरा वळतो, अशी माझी तक्रार आहे.

ही तक्रार मांडताना मला स्वतःकडेही पाहावे लागते. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वडिलांच्या जागेवर वारस म्हणून मला लागता आले असते. वडिलांनी अर्ज फाडला. मी शिकलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो, प्राध्यापक झालो. मीही गाडीतून उतरून पायी निघालेला रोबेर्तोच आहे. ती गाडी आज कंत्राटदाराची आहे आणि तिच्यावर माझ्या चुलतभावाचा मुलगा आहे. ना हजेरीपुस्तक, ना हातमोजे. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नापुढे माझी जीभ अडखळली.

‘संघटित गुन्हेगारी’ हा शब्द येथे तपासून घेतला पाहिजे. तो खोटा नाही, पण सोयीचा आहे. टोळी म्हटले की कारखानदार, साठवण केंद्राचा परवाना देणारा अधिकारी, गठ्ठ्यांचे कंत्राट घेणारी कंपनी, ही सारी मंडळी पडद्यामागे जाऊन बसतात. गठ्ठ्यांच्या प्रकरणी खटला झाला. २०१३ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. रात्री शेतांच्या कडेला जी आग लागते, जिच्यावरून त्या भागाला ‘आगींची भूमी’ म्हणतात, तिच्यात जळतात टायर, चामड्याचे आणि कापडाचे तुकडे. नोंद नसलेल्या कारखान्यांत चोरून बूट-कपडे शिवले जातात. ज्या कारखान्याचीच नोंद नाही त्याच्या चिंध्यांची तरी कशी असेल? २०१३-१४ मध्ये कचरा जाळणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. पकडला कोण जातो? काडी ओढणारा. चिंध्या ज्याच्या नफ्यातून निघाल्या तो नाही.

काडी ओढणारे म्हणून तेथे बोट दाखवले जाते ते बहुधा रोमा लोकांकडे. त्यांची भाषा आपल्या उत्तर भारतातल्या भाषांची बहीण आहे. हजारएक वर्षांपूर्वी इकडून गेलेले ते लोक युरोपात गावकुसाबाहेरच राहिले. २०१३ मध्ये जुल्यानोच्या पालिकेने त्यांची वस्ती कुठे बसवली? विषारी कचरा पुरलेल्या खड्ड्यांना लागून, मासेरिया देल पोत्सो येथे. २०१६ मध्ये त्यांना तेथूनही हुसकले. साविआनोच्या पुस्तकानंतरची ही घटना आहे, तेव्हा त्याला दोष देता येत नाही. पण तिच्यावाचून नेपल्सचा कचरा मला कळला नसता. श्रमविभागणीच्या नावाखाली श्रमिकांचीच विभागणी होते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले ते जातीविषयी. घाण कोणाच्या दारात जाईल हे आधी ठरते आणि मग ते दारच घाणेरडे ठरवले जाते, ही युक्ती मात्र तेथेही चालते.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातलं सोनं’ या कथेतला भीमा आठवतो. मुंबईच्या उपनगरातली दगडाची खाण बंद पडते म्हणून तो राख चाळून प्रेतांबरोबरचे सोने काढू लागतो, आणि शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे जातात. खाण पुन्हा सुरू होते तेव्हा पहार धरणारा हात उरलेला नसतो. नेपल्सच्या पेर्रेल्लाला कचऱ्यात सोने दिसले. भीमालाही सोनेच दिसले. एकाचे हात शाबूत राहिले. अण्णा भाऊंना हा फरक ठाऊक होता, कारण त्यांनी कथा हातापासून सुरू केली. गार्रोने आणि साविआनो ती डोळ्यापासून सुरू करतात.

आपल्याकडेही देवनारला २०१६ च्या जानेवारीत आग लागली, तेव्हा वर्तमानपत्रांत ‘माफिया’ हा शब्द लगेच आला. त्याच मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊन २०१७ मध्ये जिंकला. या दुसऱ्या गोष्टीवर कादंबरी नाही, चित्रपट नाही.

युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने ३० जानेवारी २०२५ रोजी निकाल दिला की नेपल्स-काझेर्ता पट्ट्यातल्या सुमारे २९ लाख लोकांच्या वस्तीतले हे संकट ठाऊक असूनही इटलीने त्यांच्या जगण्याच्या हक्काचे रक्षण केले नाही; उपाय करायला दोन वर्षांची मुदत दिली. तो निकाल मी वर्गासाठी मराठीत उतरवायला घेतला आहे. त्या मुलीने तिच्या आईच्या वस्तीतल्या कंत्राटी बायकांच्या हजेरीच्या नोंदी लिहायला घेतल्या आहेत. अकरा बायकांच्या झाल्या. पुढच्या सत्रात दोन्ही एकत्र वाचू, चित्रपट त्यानंतर.