स्वदेशातील मिशनरी : रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या धर्मसेवेची 'स्मृतिचित्रे'च्या आधारे चिकित्सा

प्रास्ताविक :

मराठी वाचकाला नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) 'फुलामुलांचे कवी' म्हणून परिचित आहेत. त्यांचे धर्मांतर आणि धर्मप्रचार यांची नोंद मात्र बहुधा चरित्रातील एक प्रकरण एवढ्यापुरतीच घेतली जाते. कवी टिळक आणि मिशनरी टिळक अशी ही विभागणी सोयीची असली तरी समीक्षेच्या दृष्टीने ती अपुरी आहे. परदेशातून आलेला मिशनरी परका असणे स्वाभाविक असते. परंतु स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच भाषेत मिशनरी होणाऱ्या माणसाचे परकेपण कोणत्या स्वरूपाचे असते, हा टिळकांच्या जीवनातील व साहित्यातील मध्यवर्ती प्रश्न आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हा या प्रश्नाचा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज ठरतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी :

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले व १८३१ पासून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे त्याचे प्रमुख केंद्र बनले. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई यांसारख्या व्यक्तींनी टिळकांपूर्वीच मराठी ख्रिस्ती विचाराला स्वतंत्र चेहरा दिला होता. टिळकांच्या वैचारिक परिवर्तनाचा आरंभ विदर्भाशी निगडित आहे. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. त्या वाचनाची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे झालेल्या बाप्तिस्म्यात झाली. हा संस्कार त्यांनी एका भारतीय पाळकाच्या हस्ते करून घेतला, ही गोष्ट त्यांच्या पुढील भूमिकेची सूचक आहे. पुढे त्यांनी अहमदनगर येथे मिशनच्या सेवेत अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले.

भाषेची कसोटी :

आपण तुकारामांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, ही टिळकांची धारणा प्रसिद्ध आहे. त्यांचे अभंग व भजने या धारणेचेच फलित होत. इंग्रजी चालींवर बेतलेल्या अनुवादित गीतांच्या जागी त्यांनी संतकाव्याचा छंद, संबोधन आणि आर्तता आणली. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा अहमदनगर परिसरात त्यांच्यापूर्वीच सुरू झाली होती. टिळकांनी तिला समर्थ काव्याचे बळ दिले. मंगरूळपीरसारख्या, नावातच पीर वागविणाऱ्या आणि बिरबलनाथ महाराजांची यात्रा भरविणाऱ्या गावातील वाचकाला यातील मर्म सहज उमगावे. श्रद्धा कोठून आली यापेक्षा ती कोणत्या बोलीत बोलते, यावर लोक तिला आपली मानतात. या कसोटीवर टिळक निःसंशय उतरतात. त्यांची भजने मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात.

वेतनाची कसोटी :

भाषा आपली झाली तरी वेतन मिशनचेच होते. परदेशी मंडळाच्या पगारावर देशबांधवांना उपदेश करणारा माणूस दोन्हीकडून संशयास पात्र ठरतो. हा प्रश्न एकट्या टिळकांचा नव्हता. २५ डिसेंबर १९०५ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथे स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीने भारतीय माणसे व भारतीय पैसा यांवर चालणाऱ्या कार्याचा संकल्प केला. १९१० च्या एडिंबरो परिषदेत व्ही. एस. अझरिया यांनी परदेशी मिशनऱ्यांकडे आश्रयापेक्षा मैत्रीची मागणी केली. टिळकांनी हाच प्रश्न स्वतःच्या आयुष्यापुरता सोडविला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. अवघ्या दोन वर्षांत टिळकांचे निधन झाले आणि हा प्रयोग संस्थारूपाने स्थिरावू शकला नाही. तथापि त्यातील विचाराचे मोल त्याच्या आयुर्मर्यादेवरून ठरविणे योग्य नाही.

घराची कसोटी :

तिसरी कसोटी 'स्मृतिचित्रे'च दाखवितात. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात लक्ष्मीबाई पतीचा गौरव करतात, पण त्याची मूर्ती घडवीत नाहीत. टिळक तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे निघाले, तेव्हा लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन तुकारामांच्याच पंढरपुरात वियोगाचे दिवस काढीत होत्या. ज्या परंपरेने एकाला मोकळे केले, तिच्याच छायेत दुसरीला आधार शोधावा लागला, हा विरोधाभास टिळकांच्या कवितेत उमटत नाही. तो लक्ष्मीबाईंच्या गद्यातच सापडतो. सोवळ्याओवळ्याचे संस्कार त्यांच्या मनातून टप्प्याटप्प्याने गळाले आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या निवेदनातील विनोद हा केवळ शैलीचा अलंकार नव्हे. उपदेशकाच्या भव्य संकल्पांना तो स्वयंपाकघराच्या मापाने मोजतो.

मर्यादा :

अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाज मुख्यतः महार व मांग जातींतून आलेला होता. त्यांच्यासाठी धर्मांतराचा अर्थ माणूस म्हणून मिळणारी ओळख असा होता. टिळकांना मात्र परंपरेशी तुटलेले नाते पुन्हा जोडायचे होते. ज्यांना त्या परंपरेने उंबऱ्याबाहेर ठेवले होते, त्यांना त्याच परंपरेचा रंग सारखाच आपला वाटला असेल असे गृहीत धरता येत नाही. चोखामेळ्याच्या अभंगांतील भक्ती आणि वेदना यांचे एकत्र असणे येथे लक्षात घ्यावे लागते. देशीपणा हा नेहमीच समतेचा पर्याय नसतो; टिळकांच्या स्वदेशी ख्रिस्तधर्माचे मूल्यमापन करताना हे भान आवश्यक आहे.

समारोप :

स्वदेशात मिशनरी होणे म्हणजे जन्मभूमीत राहून केवळ नवा उपदेश करणे नव्हे. भाषा, वेतन आणि घर या तिन्ही ठिकाणचे परकेपण ओलांडणे, हा त्याचा खरा अर्थ टिळक दांपत्याच्या जीवनातून स्पष्ट होतो. पहिली कसोटी टिळकांनी कवितेने पार केली आणि दुसरी त्यागाने. तिसरीचा हिशेब मात्र लक्ष्मीबाईंनी मांडला. त्यामुळे टिळकांची कविता 'स्मृतिचित्रे'सोबत वाचणे केवळ उपयुक्त नसून अनिवार्य आहे. तसेच जातिव्यवस्थेने निर्माण केलेले चौथे परकेपण या दोन्ही साहित्यकृतींनी पूर्णतः उलगडलेले नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या पुढील अभ्यासाने याच बिंदूपासून आरंभ करणे उचित ठरेल.