चेहरा न दाखवणारी मार्लेन

नटीवर चित्रपट काढायचा आणि नटीच म्हणते, माझ्यासमोर कॅमेरा आणायचा नाही! १९८२ साली पॅरिसमध्ये मॅक्सिमिलियन शेलपुढे हा पेच उभा राहिला. ‘जजमेंट ॲट न्यूरेम्बर्ग’मध्ये (१९६१) त्याने मार्लेन डीट्रिशबरोबर काम केलं होतं, ओळख जुनी होती; पण बाई बधल्या नाहीत. माझे फोटो काढून काढून मला पार संपवलंय, आता पुरे, असं त्यांचं म्हणणं. आवाज टेप करायला तेवढी त्यांनी परवानगी दिली. त्या टेप्समधून १९८४चा ‘मार्लेन’ उभा राहिला आणि ऑस्करच्या माहितीपट विभागात त्याला नामांकनही मिळालं.

हा नकार म्हातारपण लपवण्याचा हट्ट म्हणून सोडून देता येईल. मला तो एका जाणकार कारागिराचा निर्णय वाटतो. ‘ब्लू एंजल’पासून (१९३०) सात चित्रपटांत दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्गने वरून पडणाऱ्या दिव्याने तिच्या गालांखाली सावल्या पाडल्या, पापण्या जड केल्या. हा चेहरा प्रकाशाने घडवलेली वस्तू आहे, हे मार्लेन पुरतं जाणून होती. पुढे सेटवर दिवे कुठे हवेत ते ती स्वतःच सांगायची. दिव्यांची एवढी जाण असलेल्या बाईने ऐंशीव्या वर्षी दिवा बंद करायला सांगितला.

मग पडद्यावर उरतं काय? जुन्या चित्रपटांचे तुकडे, युद्धातले वृत्तपट, तिच्या घराचा सेटवर उभारलेला देखावा आणि या सगळ्यावरून फिरणारा तो घोगरा, करवादलेला आवाज. कधी जर्मन, कधी इंग्रजी. पडद्यावर पंचविशी-तिशीतली मार्लेन सिगारेटच्या धुरातून बघत असते आणि तिच्याच आवाजात ऐंशी वर्षांची बाई त्या प्रतिमेला मोडीत काढत असते: सगळा भंपकपणा, कशाला उगाळता? शेल चिवटपणे विचारत राहतो, तेव्हा ती त्याला, आधी आईकडे जाऊन चार रीतीभाती शिकून ये, असं सुनावते. आपण हसतो, पण संतापायलाही ती योग्य जागा निवडते, हे हळूहळू ध्यानात येतं. कॅमेरा नसतानाही अभिनय चालूच आहे.

आवाजावर भरवसा ठेवावा, तर तोही फसवतो. मला भावंडं नव्हती, असं ती ठामपणे सांगते. एलिझाबेथ नावाची सख्खी बहीण होती. तिचा नवरा बेर्गन-बेल्झन छळछावणीजवळ जर्मन सैनिकांसाठी थिएटर चालवायचा. हिटलरच्या जर्मनीकडे पाठ फिरवून १९३९मध्ये अमेरिकन नागरिक झालेली, आघाडीवर दोस्त सैनिकांसाठी गाणारी मार्लेन ही बहीण आयुष्यातून खोडून टाकते. हे माहीत असलं की ते एक ठाम वाक्य पुन्हा ऐकावंसं वाटतं. आवाज जराही कापत नाही.

कापतो तो वेगळ्याच ठिकाणी. शेल तिच्या आईच्या आवडीची, जर्मन कवी फ्रायलिग्राटची कविता काढतो. ती म्हणता म्हणता मार्लेनला हुंदका फुटतो. भावुकपणाची सतत टर उडवलेली बाई आईच्या आवडत्या कवितेपुढे हरते. तेव्हा कॅमेरा असता, तर शेलने क्लोजअपचा मोह टाळला असता का? मला शंका आहे. इथे मात्र चेहरा आपण आपल्या मनाने बघतो, आणि तो स्टर्नबर्गने घडवलेला चेहरा नसतो.

शेल स्वतःला आणि संकलन करणाऱ्यांच्या वैतागाला वारंवार पडद्यावर आणतो, ते मात्र खटकतं. चित्रपट कसा फसतोय हे दाखवायची हौस त्याला जरा जास्तच आहे. तिच्या शांततेवर विश्वास ठेवून त्यातलं निम्मं कापलं असतं, तरी चाललं असतं. पण बाईंना मनासारखं वळवता आलं नाही, हे त्याने लपवलं नाही. व्यक्तिपटांचे दिग्दर्शक बहुधा नायिकेला समजून घेतल्याच्या आविर्भावात असतात. ‘मार्लेन’मध्ये नायिका दिग्दर्शकाला दाराबाहेर ठेवते, आणि तो तिथूनच चित्रपट काढतो.