टाक्याची समीक्षा कोण करणार?

कापड संग्रहालयात गेलं, याचं कौतुक आता पुरे झालं. न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ या आधुनिक कलेच्या संग्रहालयात विणकर ॲनी अल्बर्सच्या कामाचं स्वतंत्र प्रदर्शन १९४९ सालीच भरलं होतं. १९७१ मध्ये तिथल्याच व्हिटनी म्युझियमने जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या. सुईदोऱ्याचं काम कलेत धरायचं की नाही, हा वाद तिकडे जवळपास निकालात निघाला आहे. आपल्याकडेही तो मिटल्यासारखा दिसतो, पण त्याचं कारण वेगळं आहे. आपल्याकडे त्यावर कोणी नीट भांडलंच नाही. गोधडी दिसली की आजी आठवते, डोळे पाणावतात आणि विषय तिथेच संपतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या कामाला भिंतीइतकीच समीक्षेची गरज आहे. चांगली गोधडी आणि सामान्य गोधडी यांतला फरक सांगता येत नसेल, तर तिला कला म्हणणं ही नुसती मेहेरबानी झाली.

मराठी घरांत अशी पारख करणारी माणसं होती. रुखवत हे बायकांच्या हस्तकौशल्याचं हक्काचं प्रदर्शनच होतं. मंगल कार्यालयात मांडलेले क्रोशाचे रुमाल, मण्यांचं तोरण, भरलेले अभ्रे, लोकरीचं टोपडं पाहायला आलेल्या आत्या-मावश्या रुमाल हातात घेऊन आधी उलटा करत. मागे गाठी किती, दोरा एका फुलावरून दुसऱ्या फुलावर लांब ओढलाय का, साखळी सगळीकडे सारखी आहे का, याचा निकाल तिथल्या तिथे लागे. ही पारख निर्मळ नव्हती. कामाच्या निमित्ताने नवरीचीच परीक्षा चाले आणि ‘हात चांगला आहे’ या शेऱ्यात पुढच्या संसाराची अपेक्षा दडलेली असे. तरीही तिथे निकष होते आणि ते हाताने काम केलेल्या बायकांचे होते. आता रुखवत तयार मिळतं, भाड्यानेही मिळतं. नवरीची परीक्षा टळली हे बरंच झालं, पण तिच्याबरोबर रुमाल उलटा करून पाहणारी नजरही गेली.

त्या नजरेने जुनी गोधडी पाहिली तर काय दिसतं? आत विटलेली लुगडी आणि धोतरं, वर त्यातल्या त्यात धड कापड, आणि सगळे थर धरून ठेवणारा साधा धावदोरा. अनेक गोधड्यांत शिवण कडेपासून सुरू होते आणि चौकोनात चौकोन करत मधोमध येते. त्यामुळे शिवणारीला दर फेरीला चार वेळा कोपऱ्यावर निर्णय घ्यावा लागतो. ओळ काटकोनात वळवायची की गोलावून घ्यायची? थर जाड असेल तिथे टाका लांबवायचा की सुई दोनदा घालायची? दोरा थोडा जास्त ओढला की कापड चुणतं आणि पृष्ठभागावर बारीक लाटा उठतात. चांगल्या हाताखाली या लाटा एका लयीत चालतात, कच्च्या हाताखाली त्यांचे नुसते फुगे होतात. ठिगळ कुठे लावायचं हे फाटलेली जागा ठरवते, पण लाल की निळं हे बाई ठरवते. गरज आणि निवड यांची ही ओढाताण हीच गोधडीची रचना. शेजारच्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर ‘फुलं’ म्हणून घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात आणि त्यांच्यावाचून गोधडी उघडीच राहिली असं मानतात. काम कुठे पुरं झालं, याची ही पक्की सौंदर्यदृष्टी आहे. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केलं. मराठीत मात्र गोधडीच्या आठवणी उदंड सापडतात, तिच्या रचनेवरचं लेखन शोधावं लागतं.

मुंबईत चित्रकार आणि विणकर एका छपराखाली आले नव्हते असंही नाही. १९५०च्या दशकात सुरू झालेल्या विणकर सेवा केंद्रांत चित्रकार प्रभाकर बरवे यांनी वाराणसीत आणि मुंबईत बरीच वर्षं नोकरी केली. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन हातमाग मंडळाच्या कामासाठी काही काळ मुंबईत होते. पुढे बडोद्यात त्यांच्याकडे शिकलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी तागाच्या दोरांना गाठी मारत माणसाहून उंच शिल्पं उभी केली. या मुंबईत जन्मलेल्या शिल्पकर्तीचं मोठं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये २०१९ साली झालं, तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. नेली सेठना यांचंही तसंच. जे. जे. आणि अमेरिकेतल्या क्रॅनब्रुकमध्ये शिकलेल्या या विणकर्तीकडे मुंबईच्या गॅलरीने नीट वळून पाहिलं, ते त्यांच्या निधनानंतर तीसेक वर्षांनी.

मोनिका कोरिया यांचं काम मला या सगळ्यांत जास्त विचार करायला लावतं. मागावर फणी ताण्याचे धागे सारख्या अंतरावर धरून ठेवते. कोरिया विणता विणता ती फणीच काढून घेतात. मग सरळ उभे राहणारे धागे डावी-उजवीकडे सरकतात, कुठे गर्दी करतात, कुठे विरळ होतात, आणि कापडात झाडाच्या सालीसारखी वळणं उमटतात. मागाची शिस्त पुरती अंगात मुरल्याशिवाय ती अशी मोडता येत नाही. इथे तंत्र हाच आशय आहे, आणि म्हणून त्याबद्दल बोलायला ‘सुंदर’, ‘मोहक’ हे शब्द अपुरे पडतात.

हातकाम आज मुंबईत कुठे पाहायला मिळतं? त्यासाठी अंधेरीकडे येऊ. उपनगरातलं सर्वांत गजबजलेलं कलासंग्रहालय अंधेरीतच आहे आणि ते विमानतळावर आहे. सहारच्या टर्मिनल दोनमध्ये राजीव सेठी यांनी मांडलेलं ‘जय हे’ २०१४ मध्ये खुलं झालं. देशभरच्या कारागिरीचे हजारो नमुने तिथे लांबच लांब भिंतींवर आहेत, आणि कारागीर व आजचे कलावंत यांनी मिळून केलेली कामंही आहेत. मांडणी भव्य आहे. पण त्याचा मोठा भाग पाहायला विमानाचं तिकीट लागतं, आणि ज्याच्याकडे ते असतं त्याचं लक्ष बॅगेकडे आणि घड्याळाकडे असतं. पलीकडच्या मरोळ गावठाणातल्या माणसाला ही भिंत फुकटात दिसत नाही.

विमानतळापासून फार लांब नाही अशा मरोळ-साकीनाक्याच्या गल्ल्यांत भरतकामाचे कारखाने आहेत. चार लाकडी दांड्यांच्या अड्ड्यावर कापड ताणलेलं, दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेले कारीगर, बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश आणि बंगालकडचे. टोचून भोकं पाडलेला खाका कापडावर ठेवून त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली पूड फिरवली की नक्षी उमटते. मग आरीची आकडीवाली सुई वरून खाली जाते, खालच्या हाताने धरलेला दोरा उचलते आणि वर येते. खालचा हात कापडाआड असतो, तो पूर्ण अंदाजाने चालतो. दबका, सलमा, टिकली अशा भरतकामाच्या साहित्यातलं काय कुठे वापरायचं, चमक कुठे मारायची आणि कुठे दाबायची, हे पुष्कळदा उस्ताद ठरवतो. सिनेमातल्या नायिकेचा लेहंगा पडद्यावर झळकतो तेव्हा डिझायनरचं नाव येतं. उस्तादाचं नाव कारखान्याच्या वहीत हजेरीपुरतं राहतं.

याच कौशल्याच्या जोरावर मुंबई आता जगाच्या कलादालनांत पोचली आहे. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या रोदॅं म्युझियमच्या आवारात ‘दिओर’ या फॅशन कंपनीसाठी कलावंत ज्युडी शिकागो यांनी उभ्या केलेल्या मांडणीतले भरतकामाचे फलक मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमधल्या बायकांनी भरले होते. २०२४ मध्ये व्हेनिस बिएनालेच्या काळात त्याच शाळेचं काम चित्रकार माधवी आणि मनू पारेख यांच्यासोबत, शाळेच्या नावानिशी मांडलं गेलं. दुसऱ्याची कल्पना पार पाडणाऱ्या शाळेचं नाव स्वतंत्रपणे लागलं, ही प्रगती खरी. पुढची पायरी उरते ती व्यक्तीच्या नावाची.

ही पायरी सोपी नाही, हे अलाबामातल्या जीज बेंडने दाखवून दिलं आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ पासून मोठ्या संग्रहालयांत फिरल्या, समीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रकारांच्या पंक्तीला बसवलं, त्यांच्यावर टपाल तिकिटंही निघाली. २००७ मध्ये काही जणींना पैसे आणि हक्कांसाठी कोर्टात जावं लागलं, पुढे तडजोड झाली. तरी तिथे प्रत्येक गोधडीखाली बाईचं नाव होतं, म्हणून हक्क मागायला जागा तरी होती. आपल्याकडे वारली चित्रांच्या बाबतीत याच्या उलट घडताना आपण पाहिलं. लग्नात भिंतीवर काढायचा चौक सुवासिनी लिहीत. १९७०च्या दशकात, विणकर सेवा केंद्रातच काम केलेल्या भास्कर कुलकर्णींच्या नजरेला ही चित्रं पडली, ती कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हसे हे नाव जगभर गेलं. म्हसे मोठे चित्रकार होतेच. पण चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची नावं फारशी कोणी टिपून ठेवली नाहीत.

लोकरकाम आणि क्रोशा यांचा प्रश्न निराळा आहे. मुंबईत स्वेटर चढवण्याइतकी थंडी क्वचितच पडते, त्यामुळे विणकाम इथे गरजेपेक्षा हौसेने टिकलं. हौसेला मोकळीक असते, प्रयोग करायला तीच खरी जागा. आपण मात्र ती हौस विक्रमाकडे वळवली. २०१६ मध्ये चेन्नईत भारतीय महिलांनी ११ हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं पांघरूण जोडून गिनीज विक्रम केला. मेहनतीला आणि एकजुटीला सलाम. पण चौरस मीटर हा कलेचा निकष नव्हे. वीतभर रुमालातला ताण अचूक साधणारी बाई या मोजमापात कुठेच बसत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. संग्रहालयांनी कापडाखाली ‘महाराष्ट्र, विसावं शतक’ एवढ्यावर थांबू नये. कोणी केलं, किती जणींनी केलं, कोणता टाका, कापड आधी काय होतं, दुरुस्ती कुठे झाली, हे लिहावं, आणि शक्य तिथे मागची बाजूही दिसेल अशी मांडणी करावी. समीक्षकांनी वर्षातून एकदा तरी अड्ड्यावर जाऊन बसावं, उस्तादाला विचारावं की हा पदर त्या पदरापेक्षा सरस का, आणि मिळालेलं उत्तर छापावं. त्यात काही कामं सुमार ठरतील. ठरू द्यावीत. ज्या कलेत वाईट काम असूच शकत नाही असं आपण धरून चालतो, तिच्यातल्या उत्तम कामाचाही आपण अपमानच करतो.