देवमाशाचे वतन

समुद्राला ‘रत्नाकर’ म्हणणाऱ्या आपल्या कवीची दृष्टी समुद्राच्या पोटातील संपत्तीवर असते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कवीची दृष्टी तेथे वावरणाऱ्या जिवांवर होती. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात समुद्र हे गॅनेट पक्ष्याचे न्हाण आहे, तसाच तो ‘ह्रॉनराड’ही आहे. या शब्दाचे ‘देवमाशाचा रस्ता’ हे भाषांतर रूढ झाले. जे. आर. आर. टोल्कीन यांनी 1940 मध्ये त्यावर घेतलेला आक्षेप मला अजूनही मोलाचा वाटतो. ‘ह्रॉन’ हा अजस्र देवमासा नव्हे, तर डॉल्फिनच्या जवळचा लहान जलचर. आणि ‘राड’ म्हणजे बांधीव रस्ता नव्हे, तर स्वारी, दौड. घोडेस्वारांसारखे उसळत जाणारे जलचर जेथे दिसतात, ते पाण्याचे मैदान म्हणजे ‘ह्रॉनराड’. रूढ भाषांतर वाचून पाण्याखालच्या रुळांवरून धावणारे आगगाडीचे इंजिन डोळ्यांसमोर येते, ही त्यांची तक्रार गमतीची खरी, पण रास्त.

असे शब्द अनुप्रासाच्या सोयीसाठी जमवले जात, असे म्हणतात. ते खोटे नाही. पण ‘द सीफेअरर’ या 124 ओळींच्या कवितेपुरते ते अपुरे आहे. थंडीने गारठलेल्या नाविकाला माणसांच्या हास्याऐवजी समुद्रपक्ष्यांचे ओरडणे ऐकावे लागते. तरीही त्याचे मन देह सोडून ‘ह्वॅलेस एथेल’वर भटकते. ‘एथेल’ म्हणजे पिढीजात भूमी. मराठीत नेमका शब्द ‘वतन’. देवमाशाला वतन आहे, नाविकाला नाही. तीन ओळींनंतर हस्तलिखितात ‘वॅलवेग’ आहे. संपादकांनी आरंभी ‘ह’ घालून त्याची ‘देवमाशाची वाट’ केली. मुळाप्रमाणे वाचल्यास ती रणात पडलेल्यांची, मृतांची वाट ठरते. देवमासा नुकताच येऊन गेल्यामुळे मला दुरुस्ती पटते. मात्र ती दुसरी वाट एकदा दिसली की मनातून जात नाही.

कवितेच्या अखेरीस कवी विचारतो : आपले घर कोठे आहे, आणि तेथे पोहोचावे कसे? एझ्रा पाउंड यांनी 1911 च्या आपल्या रूपांतरात हा शेवटचा भाग गाळला. तो मागाहून जोडलेला आहे, असे त्यांचे मत होते. मूळ कवितेतील देवदूतही त्यांच्या हाती इंग्रज लोक झाले. दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात! त्यांच्या ओळींतील नाद अपूर्व आहे, हे निर्विवाद. धर्मगुरू असल्यामुळे मी प्रवचनाची बाजू घेतो, असा संशय वाचकाला येईल. अखेरचा काही भाग रुक्ष आहे, हे मी मान्य करतो. पण घराचा प्रश्न प्रवचनातून आलेला नाही. तो 60 व्या ओळीतील देवमाशाने उपस्थित केलेला आहे. पाउंड यांनी प्रश्न ठेवला आणि त्याची तड मात्र कापून टाकली.

ही कविता कोणी मराठीत आणणार असेल, तर त्या ओळीत ‘सागर’ लिहून मोकळे होऊ नये. तेथे ‘वतन’ हाच शब्द हवा, आणि अखेरीस ‘घर’.